हॉलमधलं होम थिएटर कसं पारखायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नवा टीव्ही घरी आला की पाठोपाठ होम थिएटरचा विषय निघतो, आणि दुकानात गेल्यावर खोक्यांवरचे आकडे पाहून डोकं चक्रावतं. त्या वेळी लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. मापं फ्लॅटमधल्या साधारण १० × १६ फुटांच्या हॉलची धरली आहेत, स्लॅब साडेनऊ फुटांवर. आमचं मत आधीच सांगून ठेवतो: सिस्टिम चांगली की वाईट हे दोन गोष्टींवरून ठरतं. संवाद किती स्पष्ट ऐकू येतात आणि सबवूफर (खोल, जाड आवाजाचा वेगळा स्पीकर) बाकीच्या स्पीकरमध्ये किती बेमालूम मिसळतो. बाकी सगळं त्यानंतर.

१. होम थिएटर, साउंडबार, ए.व्ही. रिसीव्हर... हे सगळं एकच का?

दुकानात तिन्हीला होम थिएटरच म्हणतात. साउंडबार म्हणजे टीव्हीखाली ठेवायची लांब पट्टी, सोबत बहुतेक वेळा सबवूफर आणि कधी मागचे दोन स्पीकर. दुसरा प्रकार तयार संचाचा: एकाच खोक्यात पाच छोटे स्पीकर, सबवूफर आणि त्यातच अ‍ॅम्प्लिफायर. तिसऱ्या प्रकारात ए.व्ही. रिसीव्हर (आवाज उलगडून स्पीकरना ताकद देणारं यंत्र) वेगळा, स्पीकर वेगळे, सबवूफर वेगळा.

पहिल्या दोन प्रकारांत एक भाग बिघडला की त्याच कंपनीचा तोच भाग शोधावा लागतो, कारण वायरींचे प्लग आणि स्पीकरचा इम्पिडन्स (विजेला होणारा अडथळा, तो ओहममध्ये मोजतात) त्यांच्यापुरताच असतो. अनेक तयार संचांचे स्पीकर ३ किंवा ४ ओहमचे असतात. ते नंतर ६ ते ८ ओहमसाठी बनवलेल्या रिसीव्हरला जोडले, तर रिसीव्हर तापतो आणि स्वतःला बंद करून घेतो. भाड्याच्या घरात राहत असाल किंवा वायरी नकोच असतील तर साउंडबार घ्या. घर स्वतःचं असेल आणि दहा वर्षं टिकणारी सिस्टिम हवी असेल तर तिसरा प्रकार, मग सुरुवात तीनच स्पीकरने करावी लागली तरी हरकत नाही.

२. ५.१, ७.१, ५.१.२ हे आकडे कसे वाचायचे?

पहिला आकडा कानाच्या पातळीवरच्या स्पीकरचा. पाच म्हणजे पुढे डावा, मधला (सेंटर), उजवा आणि बाजूला किंवा किंचित मागे दोन सराउंड. दुसरा आकडा सबवूफरचा. तिसरा असेल तर तो डोक्यावरून येणाऱ्या आवाजाचा. १० × १६ च्या हॉलला ७.१ ची गरज नसते, मागच्या जादा जोडीला जागाच उरत नाही. साउंडबारच्या खोक्यावर '५.१' लिहिलेलं असेल तर मागचे स्पीकर खरोखर वेगळे मिळतात का ते पाहा. काहींमध्ये पाचही चॅनल त्या एका पट्टीतच असतात.

३. खोक्यावर १००० वॅट लिहिलंय. म्हणजे आवाज दणदणीत असणार ना?

आधी तो आकडा कुठला ते विचारा. 'पीएमपीओ' (क्षणभराची कमाल ताकद) लिहिलं असेल तर सोडून द्या, त्याला कुठलंही ठरलेलं प्रमाण नाही. 'आरएमएस' (सतत देता येणारी ताकद) लिहिलं असेल तर पुढची ओळ वाचा: किती ओहमला, किती डिस्टॉर्शनवर आणि किती चॅनल एकाच वेळी चालू ठेवून मोजलं? १० टक्के डिस्टॉर्शनवरचा आकडा म्हणजे आवाज फाटल्यावरचा आकडा. '८ ओहम, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ, ०.०८ टक्के, दोन चॅनल चालू' असं सविस्तर लिहिलेले ८० वॅट हे मोघम १००० वॅटपेक्षा कितीतरी भरवशाचे.

दुकानात करता येण्यासारखी एक झटपट तपासणी आहे. यंत्राच्या पाठीवरच्या पट्टीवर वीजवापर किती लिहिलाय ते पाहा. तो सरासरीचा आकडा असतो, त्यामुळे तंतोतंत हिशेब जुळणार नाही; पण पुढे १००० वॅट आणि मागे ६० वॅट असेल तर काय समजायचं ते समजा.

वॅटपेक्षा स्पीकरची सेन्सिटिव्हिटी जास्त कामाची. ८७ डेसिबलचा स्पीकर १ वॅटवर १ मीटरवर ८७ डेसिबल आवाज देतो. वॅट दुप्पट केले की फक्त ३ डेसिबल वाढतात. म्हणजे ९० डेसिबलचा स्पीकर ५० वॅटवर जे काम करतो, त्यासाठी ८७ वाल्याला १०० वॅट लागतात. आपल्या हॉलला प्रत्येक चॅनलला ५० ते ८० खरे वॅट भरपूर झाले.

४. घेण्याआधी हॉलमध्ये काय तपासायचं?

टेप घ्या आणि चार मापं कागदावर लिहा: लांबी, रुंदी, उंची, आणि सोफ्यावर बसलेल्या माणसाच्या कानापासून टीव्हीपर्यंतचं अंतर. दारं, खिडक्या, बीम आणि प्लगच्या जागा त्याच कागदावर मांडा. हा कागद सोबत घेऊन दुकानात गेलात की निम्मी चर्चा तिथेच संपते.

मग हॉलच्या मधोमध उभं राहून एक जोरदार टाळी वाजवा. व्हिट्रिफाइड टाइल, उघड्या भिंती आणि काचेची सरकती खिडकी असलेल्या हॉलमध्ये टाळीच्या मागे बारीक 'झिंग' ऐकू येतं. दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये आवाज टोलवला जातोय, असा त्याचा अर्थ. हीच झिंग पुढे प्रत्येक संवादावर बसते. घरात कपाटातली गादी असेल तर ती एका भिंतीला उभी टेकवा आणि पुन्हा टाळी वाजवा. फरक जागच्या जागी कळतो. कायमचा उपाय म्हणून सोफा आणि टीव्हीच्या मधे जाड गालिचा, खिडकीला चुण्यांचा जाड पडदा आणि एका बाजूच्या भिंतीला पुस्तकांचं उघडं कपाट पुरेसं होतं. त्यावर झालेला खर्च स्पीकरवरच्या खर्चाइतकाच ऐकू येतो. पातळ सतरंजीचा मात्र फारसा उपयोग होत नाही.

५. टीव्ही किती इंची हवा?

बसण्याचं अंतर इंचांत घ्या आणि त्याला १.६ ने भागा. त्याहून छोटा पडदा सिनेमाला अपुरा वाटतो. १.२ ने भागलं की वरची मर्यादा मिळते. साडेसात फुटांवर बसत असाल (९० इंच) तर ५५ ते ७५ इंच. पडद्याचा मध्य बसल्यावर डोळ्यांच्या आसपास यायला हवा. टीव्ही भिंतीवर उंच टांगला की मान दुखते, शिवाय सेंटर स्पीकरची जागाही बिघडते (प्रश्न ७).

६. सोफा मागच्या भिंतीला टेकलेला आहे आणि हॉलला एका बाजूने डायनिंग उघडं आहे. स्पीकर बसवायचे कुठे?

पुढचे डावा-उजवा: तुमच्यापासून टीव्ही ८ फुटांवर असेल तर या दोघांमध्ये ६ ते ८ फूट अंतर, तोंड किंचित तुमच्याकडे वळवलेलं, ट्विटर (उंच सुरांचा छोटा गोल) कानाच्या उंचीला. मागे हवेचं भोक असलेला स्पीकर भिंतीला चिकटवू नका, निदान ६ ते ८ इंच सोडा.

सराउंडची आदर्श जागा समोरच्या दिशेपासून ११० ते १२० अंशांवर, म्हणजे कानांच्या किंचित मागे. सोफा भिंतीला टेकला की 'मागे' उरतच नाही. मग ते सोफ्याच्या दोन्ही बाजूंना, जमिनीपासून साडेपाच-सहा फुटांवर लावा. सोफा एक-दीड फूट पुढे ओढता आला तर अवश्य ओढा, बेसलाही त्याचा फायदा होतो. उघड्या बाजूला भिंत नसेल तर स्टँड वापरा किंवा बीमवरून खाली झुकवून लावा. एक सराउंड भिंतीवर जवळ आणि दुसरा लांब झाला तरी अंतराचा हिशेब रिसीव्हर सांभाळतो (प्रश्न १४). दोन्ही सराउंड पुढे टीव्हीशेजारी ठेवणं ही मात्र पैशांची नासाडी आहे.

'वायरलेस' सराउंडला सिग्नलची वायर लागत नाही, विजेची लागतेच. त्या कोपऱ्यात प्लग आहे का ते आधी पाहा.

७. संवाद पुटपुटल्यासारखे येतात, मारामारी आणि गाणी मात्र कानठळ्या बसवतात. सिस्टिम खराब आहे का?

सर्वाधिक येणारा प्रश्न हाच, आणि बहुतेक वेळा सिस्टिम ठीक असते. सिनेमातले जवळजवळ सगळे संवाद सेंटरमधून येतात, त्यामुळे शोध तिथूनच सुरू करा.

आधी सेंटरची जागा पाहा. टीव्ही युनिटच्या कप्प्यात आत ढकललेला स्पीकर माठात तोंड घालून बोलल्यासारखा वाजतो. तो कप्प्याच्या कडेपर्यंत पुढे ओढा, शक्य तर अर्धा इंच बाहेर. कानापेक्षा खाली असेल तर पुढच्या बाजूला रबराचे दोन तुकडे सरकवून तोंड वर करा. सोफ्यावर बसून ट्विटर डोळ्यांना दिसला की कोन बरोबर. समोर टीपॉय आणि त्यावर फुलदाणी असेल तर तीही हलवा.

त्यानंतर टीव्हीच्या सेटिंगमध्ये आवाजाचं आउटपुट 'पीसीएम' आहे का ते बघा. तसं असेल तर ५.१ चा आवाज स्टिरिओ होऊन बाहेर पडतो आणि सेंटरला वेगळा संवाद मिळतच नाही. 'ऑटो', 'बिटस्ट्रीम' किंवा 'पास थ्रू' करा. मग सेंटरची पातळी २ ते ३ डेसिबल वाढवा. त्याहून जास्त वाढवावी लागली तर दोष खोलीचा आहे, प्रश्न ४ कडे परत जा.

रात्री हळू आवाजात पाहताना 'नाइट मोड' किंवा 'डायनॅमिक रेंज' चालू करा. मोठे आवाज दबतात, छोटे उचलले जातात. दिवसा मात्र तो बंद ठेवा, नाहीतर सिनेमाचा जोरच निघून जातो.

८. छोटे नाजूक स्पीकर दिसायला छान आहेत. मोठे घ्यायची खरंच गरज आहे का?

तळहाताएवढ्या स्पीकरमधला अडीच-तीन इंची ड्रायव्हर (आवाज काढणारा कोन) साधारण १५० ते २०० हर्ट्झच्या (आकडा जितका लहान तितका सूर खोल) खाली नीट उतरत नाही. त्याखालचं सगळं सबवूफरवर ढकललं जातं. पुरुषाच्या आवाजाचा पाया १०० हर्ट्झच्या आसपास असतो. म्हणजे पडद्यावरचा माणूस समोर बोलतोय आणि त्याच्या आवाजातला भारदस्तपणा सोफ्याशेजारच्या सबवूफरमधून येतोय! ८० हर्ट्झच्या खालचा आवाज कुठून येतो हे कानाला सहसा कळत नाही, १५० च्या वर कळतं. ८० हा आकडा क्रॉसओव्हरसाठी (ज्या सुराखालचा आवाज सबवूफरला द्यायचा त्या सीमेसाठी) रूढ झाला तो यामुळेच.

पाच किंवा साडेसहा इंची ड्रायव्हरचा बुकशेल्फ स्पीकर ८० हर्ट्झपर्यंत आरामात जातो. छोटेच घ्यायचे असतील तर सबवूफर पुढे, सेंटरच्या जवळ ठेवा म्हणजे आवाज फुटल्यासारखा वाटणार नाही.

९. सबवूफर नुसता घुमतो. कुठे ठेवू?

घुमण्याचं कारण खोलीच्या मापात दडलेलं आहे. ५६५ ला खोलीच्या फुटांतल्या मापाने भागा, म्हणजे त्या दिशेने खोली कुठल्या सुरावर घुमते ते कळतं. १६ फूट लांबीला साधारण ३५ हर्ट्झ, १० फूट रुंदीला ५६, साडेनऊ फूट उंचीला ५९. शेवटचे दोन आकडे जवळजवळ आले, म्हणून आपल्याकडच्या हॉलमध्ये त्याच टापूत बेस फुगतो. लाकडी सांगाड्याची भिंत थोडा बेस गिळते. आपल्या आरसीसीच्या आणि विटांच्या भिंती तो तसाच परत पाठवतात, त्यामुळे परदेशी सल्ले वाचताना हा फरक ध्यानात ठेवा.

सबवूफर कोपऱ्यात ठेवला की आवाज सर्वांत जास्त आणि घुमणंही सर्वांत जास्त. योग्य जागा शोधायची पद्धत जुनी आहे, पण तिला तोड नाही: सबवूफर सोफ्यावर, तुम्ही बसता तिथे ठेवा. बेसची चाल सुरू असलेलं एखादं गाणं लावा आणि भिंतीच्या कडेने गुडघ्यांवर फिरा. जिथे प्रत्येक सूर सारखा आणि वेगळा ऐकू येतो तिथे खूण करा. सबवूफरची जागा ती. तिथपर्यंत वायर जाते का हे नंतरचं.

रिसीव्हरला जोडलेल्या सबवूफरच्या पाठीवरचा क्रॉसओव्हर नॉब सर्वांत मोठ्या आकड्यापर्यंत फिरवून ठेवा. गाळणीचं काम रिसीव्हर करतो. दोघांनी केलं तर मधला भाग गायब होतो. शेजारी ० आणि १८० चं फेजचं बटण असतं. दोन्हीकडे करून पाहा, ज्यात ढोलाचा ठोका भरीव वाटतो ते बरोबर. कधी घुमतंय असं वाटतं ते सबवूफर नसतंच, शोकेसची काच किंवा देवघराची घंटा थरथरत असते. बोटाने धरून खात्री करा.

१०. एचडीएमआय आर्क, ई-आर्क, ऑप्टिकल... कुठली वायर लावायची?

तिन्ही मार्ग टीव्हीतला आवाज बाहेर काढतात. ऑप्टिकलमधून स्टिरिओ, डॉल्बी डिजिटल आणि डीटीएस (५.१ आवाजाचे दोन दाबलेले प्रकार) जातं, अ‍ॅटमॉस (डोक्यावरूनही आवाज देणारा डॉल्बीचा प्रकार) जात नाही. आर्क २००९ च्या एचडीएमआय १.४ सोबत आलं. त्यातून डॉल्बी डिजिटल प्लस जाऊ शकतं आणि ओटीटीवरचं अ‍ॅटमॉस त्याच रूपात येतं, त्यामुळे फक्त अ‍ॅपवर सिनेमे पाहणाऱ्याला आर्कही चालतं. ब्लू-रेवरचं डॉल्बी ट्रू-एचडी किंवा न दाबलेला बहुचॅनल आवाज टीव्हीमार्गे न्यायचा तर ई-आर्क हवं. ते एचडीएमआय २.१ सोबत आलं.

वायर टीव्हीच्या 'आर्क' लिहिलेल्या पोर्टमध्येच घाला, दुसऱ्यात घातली तर आवाज येणार नाही. टीव्हीच्या सेटिंगमध्ये 'सीईसी'ही (एचडीएमआयने जोडलेल्या यंत्रांनी एकमेकांना नियंत्रित करायची सोय) चालू करा. प्रत्येक कंपनीने त्याला वेगळं नाव दिलंय, म्हणून सापडत नाही. गेम खेळणाऱ्यांनी कन्सोल थेट टीव्हीला जोडून आवाज ई-आर्कने न्यावा, म्हणजे १२० हर्ट्झ चित्रासाठी साउंडबारवर अवलंबून राहावं लागत नाही.

११. ओठ आधी हलतात, आवाज मागून येतो. काय करू?

रिसीव्हर आवाजाला उशीर करू शकतो, घाई करू शकत नाही. त्यामुळे आवाज आधी येत असेल तर 'ऑडिओ डिले' वाढवला की झालं. आवाज मागे पडत असेल तर डिले शून्यावर आणा, आवाजाचे जादा इफेक्ट बंद करा, टीव्हीचं आउटपुट 'पास थ्रू' ठेवा. ब्लूटूथवर जोडलं असेल तर ते काढा. सिनेमासाठी ब्लूटूथ वापरूच नये.

१२. अ‍ॅटमॉस साउंडबार घ्यावा का? आमच्याकडे पीओपीचं फॉल्स सिलिंग आहे.

वर तोंड असलेले स्पीकर छतावर आवाज आपटून खाली आणतात. त्यासाठी छत सपाट, टणक आणि साधारण साडेसात ते बारा फुटांवर असावं लागतं. नुसता स्लॅब असेल तर उत्तम. पीओपीत खोल पायऱ्या, लाइटसाठी खोबणी, मधे पंख्याचा गोल किंवा नेमक्या जागी बीम असेल तर आवाज विखुरतो. तपासायला सोफ्यावर बसा आणि कुणाला तरी साउंडबार आणि तुमच्या मध्यावर छतावर आरसा सरकवायला सांगा. आरशात साउंडबार दिसतो तिथला छताचा तुकडा सपाट हवा.

फॉल्स सिलिंग अजून व्हायचं असेल तर नशीबवान आहात. सोफ्याच्या किंचित पुढे, वर दोन स्पीकर थेट बसवून घ्या. ते नुसत्या पीओपीवर टांगू नका, स्लॅबला तारेने बांधा. आमच्या मते ५.१ नीट बसल्याशिवाय वरच्या स्पीकरवर पैसे घालू नयेत.

१३. दुकानात ऐकताना फसायला होतं. नेमकं काय ऐकायचं?

स्वतःच्या ओळखीचे तीन तुकडे न्या: शांत खोलीतला दोघांचा संवाद, तबला किंवा पखवाज स्पष्ट असलेलं गाणं आणि गर्दीचा किंवा पावसाचा प्रसंग. संवाद डोळे मिटून ऐका, बोलणारा पडद्याच्या मधोमध वाटला पाहिजे. तबल्यात डग्ग्याची मींड सुटी ऐकू यायला हवी; नुसतं 'धप्प' येत असेल तर सबवूफर आणि स्पीकर जुळलेले नाहीत. पावसात थेंब वेगवेगळ्या जागी पडावेत.

दोन सिस्टिमची तुलना करताना आवाजाची पातळी सारखी करून घ्या, फोनवरचं डेसिबल मोजणारं अ‍ॅप त्यापुरतं पुरे. एक-दीड डेसिबलने मोठी वाजणारी सिस्टिम कानाला लगेच 'चांगली' वाटते. बेस आणि ट्रेबल शून्यावर आणायला सांगा, मग हळूहळू आवाज वाढवा. घरी ऐकाल त्याहून थोडा मोठा केल्यावर 'स', 'श' चिरकले तर ती सिस्टिम नको. स्पीकरच्या पेटीवर बोटाच्या सांध्याने टकटक करा: भरीव 'ठक' हवं, पोकळ 'ढब' नको. पाठीवर स्क्रूचे टर्मिनल हवेत, चिमट्याचे नकोत.

१४. रिसीव्हरसोबत छोटा माइक आला आहे. तो वापरायलाच हवा का?

हवाच. तो प्रत्येक स्पीकरचं अंतर, पातळी आणि खोलीचा परिणाम मोजतो. चुका ठरलेल्या आहेत: पंखा किंवा एसी चालू राहणं, माइक हातात धरणं, सोफ्याच्या पाठीवर ठेवणं. पंखा बंद, माइक ट्रायपॉडवर कानाच्या उंचीला, सोफ्याच्या पाठीपासून थोडा पुढे, घरचे आतल्या खोलीत. झाल्यावर आकडे स्वतः पाहा. स्पीकर 'लार्ज' झाले असतील तर 'स्मॉल' करून क्रॉसओव्हर ८० ठेवा. सबवूफरचं अंतर टेपपेक्षा जास्त दाखवेल; ते तसंच राहू द्या, त्यात सबवूफरच्या आतल्या सर्किटचा उशीर धरलेला असतो.

१५. मराठी मालिका आणि जुने सिनेमे पाहताना मागचे स्पीकर गप्पच. बिघाड आहे का?

बहुधा नाही. मूळ आवाज स्टिरिओ असेल तर मागे काही जातच नाही. अ‍ॅपवर अनेकदा मूळ भाषेचा ट्रॅक ५.१ आणि डब केलेला स्टिरिओ असतो, तेव्हा भाषा बदलून पाहा. रिसीव्हरवर 'डॉल्बी सराउंड' किंवा 'न्यूरल:एक्स' निवडलं की स्टिरिओचा आवाज सगळ्या स्पीकरना वाटला जातो आणि संवाद सेंटरला येतो. 'ऑल चॅनल स्टिरिओ' नको. त्यात सगळीकडून तेच वाजतं.

१६. लॅमिंग्टन रोडवरून किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीतून असेंबल केलेला ५.१ अ‍ॅम्प्लिफायर घेतला तर?

कारागीर चांगला असेल तर वॅटच्या मानाने स्वस्त पडतो, गाण्यांना दमदार वाजतो आणि दुरुस्ती कोपऱ्यावर होते. अडचण डिकोडरची. कित्येकांत 'प्रोलॉजिक' बोर्ड असतं. ते स्टिरिओवरून सहा वाटा तयार करतं, खरं ५.१ उलगडत नाही. डॉल्बी डिजिटल-डीटीएस डिकोडरचं बोर्ड आहे का, ऑप्टिकल किंवा आर्क इनपुट आहे का, हे प्रत्यक्ष ५.१ चाचणी वाजवून पाहा: 'मागचा डावा' म्हटलं की तोच एकटा वाजला पाहिजे. झाकण उघडून ट्रान्सफॉर्मर किती व्होल्ट, किती अँपिअरचा आहे तेही विचारा. १२-०-१२, ५ अँपिअरवर ५०० वॅट निघत नाहीत.

१७. घराचं काम सुरू आहे. वायरिंग कसं करून घेऊ?

स्पीकरला १० मीटरपर्यंत १.५ चौरस मिमी, पुढे २.५ चौरस मिमी शुद्ध तांब्याची वायर. खात्रीसाठी एक धागा ब्लेडने खरवडा. वर तांबूस आणि आत पांढरा निघाला तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम आहे. विजेच्या पाइपातून स्पीकरची वायर नेऊ नका, वेगळा पाइप टाका. एचडीएमआयसाठी ३२ मिमीचा पाइप आणि मोठे वळसे. बारीक पाइपातून त्याचा प्लगच जात नाही. आत ओढायची तार ठेवून द्या, वायर आज ना उद्या बदलावी लागणारच. ५ मीटरच्या पुढे फायबरची एचडीएमआय घ्या. तिला दिशा असते: 'सोर्स' टोक रिसीव्हरकडे, 'डिस्प्ले' टीव्हीकडे. ती आर्क-ई-आर्क नेते का, हे घेतानाच विचारा. प्लास्टर करण्याआधी भिंतीचे फोटो काढून ठेवा.

१८. सतत 'हंऽऽ' असा आवाज येतो.

केबल किंवा डिशची गोल वायर सेट-टॉप बॉक्समधून काढून पाहा. गुणगुण थांबली तर ती ग्राउंड लूप (यंत्रं दोन वाटांनी अर्थला जोडली गेल्याने येणारी गुणगुण) आहे. त्या वायरीवर आयसोलेटर लावा आणि सगळी यंत्रं एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर घ्या. न थांबल्यास इलेक्ट्रिशियनकडून न्यूट्रल आणि अर्थमधला दाब मोजून घ्या. २-३ व्होल्टच्या वर असेल तर अर्थिंग सुधारायला हवं. फक्त लाइट गेल्यावरच गुणगुण येत असेल तर इन्व्हर्टर शुद्ध साइन वेव्हचा नाही. अर्थची पिन तोडून गुणगुण थांबवण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, शॉक बसू शकतो.

१९. खालच्या मजल्यावरचे तक्रार करतात.

उंच सूर भिंतीत अडतात, बेस स्लॅबमधून उतरतो. सबवूफरखाली जाड रबर किंवा फोमची पाटी ठेवल्यास थेट कंप कमी होतो, हवेतला बेस मात्र कमी होत नाही. रात्री सबवूफर ६ ते ८ डेसिबल उतरवा आणि नाइट मोड लावा (प्रश्न ७). ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल आहे. सिस्टिम बसवली की एकदा शेजाऱ्यांच्या घरी जाऊन स्वतः ऐका, किती उतरवायचं ते तिथे नेमकं कळतं.

२०. टीव्हीऐवजी प्रोजेक्टर चालेल का?

पूर्ण अंधार करता येत असेल तर १०० इंची पडद्याला पडद्यावर पोहोचणारे ५०० खरे ल्युमेन (उजेडाचं माप) पुरतात. पण दिवसा हॉलमध्ये क्रिकेट पाहायचं असेल तर टीव्हीच घ्या. 'ANSI ल्युमेन'च्या (ठरलेल्या पद्धतीने मोजलेल्या उजेडाच्या) जागी नुसते 'ल्युमेन' आणि नेटिव्ह (मूळ) रिझोल्यूशनच्या जागी '४के सपोर्ट' लिहिलेला स्वस्त प्रोजेक्टर टाळा. त्याचं मूळ चित्र अनेकदा ७२० ओळींचंच असतं. १०० इंची पडदा ८७ इंच रुंद असतो. प्रोजेक्टरचा थ्रो रेशो (अंतर भागिले पडद्याची रुंदी) १.२ असेल तर तो पावणेनऊ फुटांवर बसवावा लागेल. ती जागा पंख्याच्या पात्याच्या आड येत नाही ना, ते पाहा.

२१. आम्ही कोकणात राहतो. पावसाळ्यात सिस्टिम टिकेल का?

टिकते, काळजी घेतली तर. स्पीकरच्या कोनाची कड फोमची न घेता रबराची घ्या. फोम काही वर्षांत भुगा होतो. समुद्राजवळ वायरींच्या उघड्या टोकांवर हिरवट थर चढतो, तेव्हा वर्षातून एकदा टोक कापून नवं सोला. सिस्टिम पावसाळाभर बंद ठेवण्यापेक्षा रोज अर्धा तास वाजवा, आतली ऊब ओल घालवते. प्लायवूडच्या बंद कपाटात रिसीव्हर कोंडू नका. वर ४ इंच मोकळे आणि मागची बाजू उघडी हवी.

२२. अमेरिकेतला भाऊ रिसीव्हर आणतोय. आणू दे का?

पाठीवरची पट्टी वाचून मग सांगा. '१००–२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ' लिहिलं असेल तर फक्त पिन बदलावी लागेल. बरेच साउंडबार असे असतात. पण तिथले बहुतेक ए.व्ही. रिसीव्हर १२० व्होल्ट, ६० हर्ट्झचे असतात. ते इथल्या २३० व्होल्टला थेट लावले की जळतात. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो, तोही पट्टीवरच्या वॅटच्या दुप्पट क्षमतेचा: ५०० वॅटला १००० व्हीए. व्होल्ट उतरले तरी हर्ट्झ ५०च राहतात, त्यामुळे ६० साठी बनवलेला आतला ट्रान्सफॉर्मर जास्त तापतो. शिवाय वॉरंटी सहसा इथे चालत नाही आणि सबवूफरही तिकडचाच असेल तर त्यालाही दुसरा ट्रान्सफॉर्मर. भावाला सांगायचंच असेल तर स्पीकर आणायला सांगा. अ‍ॅम्प्लिफायर नसलेल्या स्पीकरला व्होल्टचा प्रश्नच येत नाही. फक्त विमानातल्या बॅगेचं वजन आधी पाहून घ्या, बुकशेल्फची एक जोडी दहा-बारा किलोपर्यंत सहज जाते.